मुळांभोवतीचे शेजारी : मिरीचा वेल आणि मातीतील जिवाणू



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे विज्ञान शिकलो. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला मला बोलावले, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न मात्र मला पडला नाही. सरांचे एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे. ते आज द्यावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

गोष्ट १९६८ सालची. मी नववीत होतो. पावसाळी भात कापून झाल्यावर आपल्या शाळेमागच्या शेतात आळसांदे पेरत असत. एके दिवशी सरांनी आम्हाला तेथे नेले आणि आळसांद्याचे एक झाड मुळासकट हलकेच उपटले. मुळांवर मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. आम्ही म्हटले, मुळांना रोग लागला. सर काही बोलले नाहीत. खिशातील ब्लेडने त्यांनी एक गाठ मधोमध कापली. आत ती ताज्या मांसासारखी गुलाबी होती. "ह्या घरात भाडेकरू राहतात," सर म्हणाले, "आणि भाडे हवेतल्या नत्राने देतात."

माझ्या मामांचे कुळागर होते. पोफळींवर मिरीचे वेल चढलेले, मध्ये केळी, पाटाच्या कडेला जायफळीची दोन झाडे. त्या रविवारी मी तेथे जाऊन मिरीच्या एका पिवळ्या पडलेल्या वेलाची मुळे उकरली. तिथेही गाठी होत्या! मी आनंदाने त्या पुडीत बांधून सोमवारी सरांपुढे ठेवल्या. सरांनी गाठ कापली. आत गुलाबी काही नव्हते. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही आळसांद्याची गाठ नव्हे. मिरीला तसले भाडेकरू का नाहीत, आणि ह्या गाठी कोणाच्या, हे मला ठाऊक नाही. तू शोध आणि मला सांग."

शिक्षकाने "मला ठाऊक नाही" असे वर्गासमोर म्हणावे, हे मी पहिल्यांदाच ऐकले. पुढे मी मृदाशास्त्राकडे आणि तेथून मातीतील जिवाणूंकडे वळलो, त्याचे मूळ त्या वाक्यात आहे.

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सोपा होता. मिरीच्या मुळांवरील त्या गाठी सूत्रकृमींच्या होत्या. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मुळात शिरतात, मुळाच्या पेशी फुगवतात आणि वेलाचे अन्न खातात. पाने पिवळी पडतात, वेल दोन-तीन वर्षांत खंगत जातो. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी. एक पोसणारी, दुसरी शोषणारी. मामांचा तो वेल पुढे मेला.

पहिला अर्धा भाग मात्र मला आयुष्यभर पुरला.

नत्राचे भाडेकरू आणि नुसते शेजारी

आपल्या डोक्यावरच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. परंतु वनस्पतीला तो जसाच्या तसा घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. आळसांद्याच्या गाठीतील जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात करतो. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ साली कडधान्यांच्या गाठी आणि हवेतील नत्र यांचा संबंध जाहीर केला. दोन वर्षांनी, १८८८ साली, हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतील जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. त्यालाच आपण आज रायझोबियम म्हणतो.

रायझोबियमचा आणि कडधान्यांच्या कुळाचा करार फार जुना आहे. दोघे परस्परांना रासायनिक खुणांनी ओळखतात आणि मगच मूळ दार उघडते. मिरी ह्या कुळातली नव्हे. तिच्या मुळाला ती खूण ठाऊक नाही, म्हणून तिच्याकडे भाडेकरू येत नाहीत. हळद, आले, वेलची, जायफळ यांचेही तसेच.

मग मिरीचा वेल अगदी एकटा आहे काय? नाही. १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळांना लगटून असलेल्या मातीच्या पातळ थराला वेगळे नाव दिले. आपण त्याला मूळपरिसर म्हणू. वनस्पती पानांत तयार केलेल्या अन्नाचा एक लक्षणीय भाग मुळांवाटे बाहेर सोडते. त्यात शर्करा असतात, आम्ले असतात, गळून पडलेल्या पेशी असतात. ह्या अन्नावर जिवाणूंची दाट वस्ती पोसली जाते. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू सापडतात, आणि मूळपरिसरात त्यांची दाटी अधिकच असते. हे घरातले भाडेकरू नव्हेत, दारातले शेजारी आहेत. शेजारी घरभाडे देत नाहीत. पण चांगले असले तर अडीनडीला धावून येतात.

त्यांतला एक अ‍ॅझोस्पिरिलम. ब्राझीलमध्ये संशोधन करणाऱ्या योहाना डोबेराइनर यांनी १९७०च्या दशकात त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले. तो गवतांच्या व इतर पिकांच्या मुळांवर राहून थोडा नत्र बांधतो. आरंभी आम्हाला वाटले, मिरीचा नत्राचा प्रश्न सुटला. पुढे ध्यानात आले, की त्याच्या उपयोगाचा मोठा वाटा नत्राचा नाहीच. तो मुळांना वाढीची संप्रेरके पुरवतो. त्यामुळे तंतुमुळे फुटतात आणि फुटलेली मुळे अधिक माती धुंडाळतात. मिरीची अन्नशोषक मुळे वरच्या हातभर मातीतच पसरलेली असतात. अशा उथळ मुळांच्या वेलाला तंतुमुळांची ही भर फार मोलाची असते.

आपली माती आणि अडकलेला स्फुरद

आता आपल्या मातीकडे वळू. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शेकडो शतकांच्या ह्या पावसाने जांभ्या मातीतून चुना, पालाश, मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे लोह व अ‍ॅल्युमिनियम ठेवले. मातीचा तांबडा रंग त्या लोहाचा. अशी माती आम्लधर्मी असते. तिच्यात स्फुरदयुक्त खत घातले, की लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला घातलेल्या स्फुरदाचा फार तर पाचवा हिस्सा येतो. बाकीचा मातीतच असतो, पण कुलूपबंद.

१९७३ साली झुआरीनगरचा खतकारखाना सुरू झाला. त्यानंतर खताची पोती आपल्या गावागावांत पोचली. भाताला, उसाला, माडाला त्याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. केरळ कृषी विद्यापीठाची मिरीसाठी सर्वसाधारण शिफारस, तीन वर्षांवरील वेलाला वर्षाला नत्र ५० ग्रॅम, स्फुरद ५० ग्रॅम आणि पालाश १५० ग्रॅम, अशी आहे. परंतु दर वर्षी घातलेल्या त्या ५० ग्रॅम स्फुरदाचा मोठा भाग जांभा गिळत असेल, तर शेतकरी पैसे नेमके कोणाला देतो, पिकाला की दगडाला, हा प्रश्न उरतोच.

हे कुलूप उघडणारे जिवाणू आहेत. बॅसिलस आणि स्युडोमोनास ह्या गटांतील अनेक जिवाणू ग्लुकॉनिक आम्ल, सायट्रिक आम्ल अशी सेंद्रिय आम्ले स्रवतात. ही आम्ले धातूला स्वतःकडे ओढून घेतात आणि स्फुरद मोकळा होतो. काही जिवाणू फॉस्फेटेज नावाची विकरे सोडतात. पाचोळ्यात आणि शेणात सेंद्रिय रूपात असलेला स्फुरद त्यांनी सुटा होतो. १९४८ साली पिकोव्हस्काया या रशियन संशोधिकेने असे जिवाणू ओळखण्याची एक सुबक युक्ती दिली. न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट घालून दुधासारखे पांढरे केलेले खाद्य काचेच्या बशीत ओतायचे आणि त्यावर मातीचे पाणी पसरायचे. चार-पाच दिवसांनी ज्या ठिपक्याभोवती पांढरेपणा नाहीसा होऊन स्वच्छ वलय दिसेल, तो आपला जिवाणू.

मामांच्या कुळागरातील मातीतून असे वलय मी जेव्हा प्रथम पाहिले, तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो. सरांना पत्र लिहून कळवावे असे वाटले. लिहिले नाही, हे बरे झाले. कारण माझे उत्तर तेव्हा अपुरे होते.

माझी एक चूक

१९९३ सालच्या मे महिन्यात मी त्या जिवाणूंची लिग्नाइटच्या भुकटीत मिसळलेली पुडकी तयार केली आणि बसने मामांकडे घेऊन गेलो. मांगराच्या पत्र्याखाली ती दहा-बारा दिवस राहिली. पाऊस लागताच मी स्वतः उभा राहून चाळीस वेलांच्या बुंध्याशी ती भुकटी घातली. पुडकी संपली म्हणून पाटापलीकडचे वीसेक वेल तसेच राहिले. आदल्या वर्षी बुंधा कुजून मामांचे काही वेल गेले होते. ह्या जिवाणूंनी वेल जोमदार होतील, असे मी त्यांना सांगितले. त्यांनीही माझ्या शब्दावर त्या वर्षीचे स्फुरदाचे खत आणले नाही.

फेब्रुवारीत मिरी काढली. मामांनी दोन्ही बाजूंचे घोस वेगवेगळे मोजून ठेवले होते. तसे करा, असे मी त्यांना सांगितलेही नव्हते. दोन्हीकडच्या वेलांत काही फरक नव्हता. आणि दोन्हीकडचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा कमी होते. मामा कोकणीत एवढेच म्हणाले, त्याचा अर्थ असा : "तुझे जंतू आले होते खरे, पण राहिले कुठे?"

ह्या प्रश्नाने मी खजील झालो. उरलेले एक पुडके मी प्रयोगशाळेत तपासले. ग्रॅमला कोट्यवधी जिवाणू हवे होते, तेथे काही हजार निघाले. पत्र्याखालच्या उन्हाने बाकीचे मेले होते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की मी भुकटी घातली त्याच्या आठच दिवस आधी मामांनी बुंधाकुजीवर उपाय म्हणून वेलांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतले होते. ते योग्यच होते. पण तांबे बुरशीप्रमाणे जिवाणूंनाही मारक असते, आणि आम्लधर्मी मातीत ते अधिकच विरघळते. मी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

तिसरी चूक सर्वांत खोल होती. बशीतले वलय कॅल्शियम फॉस्फेटवर उठते. आपल्या जांभ्या मातीत स्फुरद कॅल्शियमने नव्हे, लोह व अ‍ॅल्युमिनियमने धरलेला असतो. ती पकड फार चिवट. मी तेच जिवाणू लोह-फॉस्फेटच्या बशीत लावून पाहिले, तेव्हा बहुतेकांभोवती वलय उठलेच नाही. मी दुसऱ्याच कुलपाची किल्ली घेऊन दाराशी उभा होतो.

राहते घर

मामांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक साधी गोष्ट उमगली. जिवाणू खत असा शब्द आपण वापरतो खरा. पण जिवाणू हे खत नव्हे. खत टाकले की आपले काम संपते. जिवाणू सोडले, की त्यांच्या जगण्याची जबाबदारी सुरू होते. त्यांना कर्ब हवा, ओल हवी, सावली हवी आणि फार आंबट नसलेली माती हवी. आम्ले स्रवण्यासाठीदेखील जिवाणूला आधी शर्करा लागते. उपाशी जिवाणू स्फुरदाचे कुलूप उघडणार कसे? शिवाय जागा पूर्वीच्या रहिवाशांनी भरलेली असते. उघड्या, तापलेल्या, पाचोळा झाडून नेलेल्या मातीत नवा पाहुणा आठवडाभरही तग धरत नाही.

आपल्या जुन्या कुळागरकारांना जिवाणू ठाऊक नव्हते. पण पावसाआधी रानातला पातेरा आणून बुंध्याशी घालायचा, त्यावर गोठ्यातले शेण टाकायचे, केळीचे गाभे तेथेच कुजू द्यायचे आणि पाटाचे पाणी उन्हाळाभर खेळते ठेवायचे, हे सर्व ते करीत असत. ते जिवाणूंना घर बांधून देत होते, हे आज आपण म्हणू शकतो. जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. त्या पद्धतीत पालाशाची भरपाई अपुरी पडे आणि रोगापुढे ते लोक हतबल होते. परंतु घर आधी आणि रहिवासी मागून, हा त्यांचा क्रम बरोबर होता. मी उलटा निघालो होतो.

१९९५ साली आम्ही पुन्हा आरंभ केला. ह्या वेळी तो रोपांपासून केला. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये जिवाणू मिसळून तो ढीग सावलीत ओलसर ठेवला, पंधरा दिवस त्यांना तेथेच वाढू दिले आणि मग ते कंपोस्ट मिरीच्या कलमांच्या पिशव्यांत भरले. कोवळ्या मुळाला पहिला शेजारी आपण निवडलेला मिळावा, ही त्यातली कल्पना. मोठ्या वेलांना एक वर्षाआड अर्धा किलो चुना दिला, पातेरा घातला आणि तांब्याच्या औषधानंतर तीन आठवडे थांबून जिवाणू दिले. रोपांच्या मुळांतला फरक मामांना भिंगाशिवाय दिसला. मोठ्या वेलांचे उत्पन्न काही दुप्पट झाले नाही. स्फुरदाचे खत निम्म्यावर आणूनही ते घटले नाही, एवढेच झाले. पण मामांसारख्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते "एवढेच" पुष्कळ होते.

ह्या क्षेत्रात आपल्या देशात इतरत्र फार मोलाचे काम झाले आहे. कोझिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने मिरीसाठी निवडक जिवाणूंचे मिश्रण तयार केले. आल्यासाठी बॅसिलसचा एक वाण निवडला. आणि हळदीसारख्या पिकांना मातीतले अडकलेले जस्त मिळवून देणारा बॅसिलस मेगाटेरियमचा वाणही शोधला. त्याच संस्थेने जिवाणू लहानशा कॅप्सूलमध्ये बंद करण्याची पद्धत विकसित केली. भुकटीचे वजनदार पुडके वाहून नेण्याऐवजी कॅप्सूल खिशातून नेता येते. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सोसतात, हा त्यातला मोठा गुण. १९९३ साली मांगरातल्या पत्र्याखाली मला असे काही हवे होते!

आपण काय करावे

समोर कुळागरे असलेले अनेक माजी विद्यार्थी बसले आहेत. त्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली : पुडके घेताना त्यावरची जिवाणूंची संख्या आणि मुदत वाचा. केंद्र सरकारने २००६ साली जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्यानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. पुडके उन्हात मांडून ठेवलेल्या दुकानातून ते घेऊ नका, मग छपाई कितीही सुंदर असो.

दुसरी : जिवाणू पहिल्या चांगल्या पावसानंतर, नवी मुळे फुटत असताना, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. तांब्याचे औषध आणि जिवाणू यांच्यात किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. बुंधा कुजू लागला असेल तर रोगाचा उपाय आधी करा. स्फुरद विरघळविणारा जिवाणू हे त्यावरचे औषध नव्हे.

तिसरी : जिवाणू शून्यातून काही निर्माण करीत नाहीत. नत्र तेवढा हवेतून येतो. स्फुरद, पालाश, जस्त हे मातीत असतील तरच मोकळे होतील. दर वर्षी मिरीची, सुपारीची, केळ्यांची पोती भरून बाहेर पाठवायची आणि मातीला काहीच परत द्यायचे नाही, तर जिवाणू ती तिजोरी लवकर रिकामी करायला मदत करतील, इतकेच.

चौथी गोष्ट मला मामांनी शिकवली : काही वेल नेहमी तसेच सोडा. दहा वेलांना द्या, शेजारच्या दहांना देऊ नका, आणि दोन्हींचे घोस वेगळे तोला. मग विकणारा काय म्हणतो किंवा माझ्यासारखा व्याख्याता काय म्हणतो, यावर विसंबण्याचे कारण उरणार नाही. मामांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते. पण त्या वर्षी आम्हा दोघांत खरा प्रयोग त्यांनी केला होता.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. सर १९९८ साली गेले. त्याच्या दोन वर्षे आधी मी त्यांना घरी भेटायला गेलो होतो, सोबत आमच्या रोपवाटिकेतील मिरीचे एक कलम घेऊन. त्यांची दृष्टी मंदावली होती. मी पिशवी फाडून मुळे पाण्यात धुतली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी ती पांढरी तंतुमुळे चाचपली. म्हटले, "सर, मिरीला भाडेकरू नाहीत. शेजारी आहेत." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारले, "आणि त्या शेजाऱ्यांना मिरी काय देते?" मी काही जुजबी सांगितले. खरे तर कोणता वेल कोणत्या शेजाऱ्याला काय देऊन बोलावतो, हे आम्हाला तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. तसे मी कबूल करायला हवे होते. त्यांनी माझ्यापुढे, तीस मुलांसमोर, ते केले होते.

ते आज ह्या व्यासपीठावरून करतो. ह्या प्रश्नावर आता जगभर काम चालू आहे, पुष्कळ कळले आहे आणि पुष्कळ कळायचे आहे. शाळेमागचे शेत अजून आहे. येत्या हंगामात तुमच्या शिक्षकांना विचारून आळसांद्याचे एक झाड हलकेच उपटा, गाठ कापा आणि रंग पाहा. मग घरच्या मिरीच्या मुळाशी जा. तेथे जे दिसेल आणि जे समजणार नाही, ते वहीत लिहून ठेवा.